गुरुजींचे कधीच न पडणारे संकेतस्थळ

एकदा एक आकाशकंदिलांचा व्यापारी आपल्या गुरूंच्या आश्रमात इतक्या तावातावाने शिरला, की दारात रवंथ करत बसलेली गाय आपणहून उठली आणि तिने त्याला वाट दिली.

त्याची अडचण तशी मोठीच होती. आकाशकंदील हा वर्षातून आठवडाभर खपणारा जिन्नस. दिवाळी सरली की त्याला कुणी विचारत नाही. व्यापाऱ्याने वर्षभर राबून बांबूच्या कामट्यांच्या कंदिलांनी गोदाम भरले होते आणि यंदाची सगळी विक्री आपल्या संकेतस्थळावरून करायचे ठरवले होते. आता संकेतस्थळ म्हटले की त्यालाही इंटरनेटवर भाड्याची जागा लागते. ती त्याने बाजारातल्या सर्वांत स्वस्त कंपनीकडून घेतली. ‘अमर्याद जागा, अमर्याद पाहुणे’ हे त्या कंपनीचे ब्रीद. वसुबारस तोंडावर आली, गिऱ्हाइकांची झुंबड उडाली आणि ऐन झुंबडीत संकेतस्थळ जे आडवे झाले, ते उठायचे नाव घेईना.

“तक्रार केलीस?” दोडक्याच्या शिरा काढता काढता गुरुजींनी विचारले.

“केली की! दर खेपेला नवा माणूस. आधी कुणी पीयूष, मग अन्विता, मग तन्मय. प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचं आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, ‘सर, आमच्याकडे तर व्यवस्थित दिसतंय, तुम्ही फोनची कॅशे मेमरी क्लिअर करून बघा.’ गुरुजी, मी इतकं क्लिअर केलं, इतकं क्लिअर केलं, की आज सकाळी फोनच मला विचारत होता, आपण कोण?”

“मग?”

“मग काय! निरोप आला, ‘आपली समस्या सुटली आहे, कृपया आम्हाला पाच तारे द्या.’” व्यापाऱ्याने मांडी ठोकली आणि एकदम हात जोडले. “पण गुरुजी, मला एक कोडं पडलंय. आश्रमाचं संकेतस्थळ मीच तुम्हाला करून दिलं. तीच कंपनी, तेच भाडं. ते आजवर एकदाही पडलेलं नाही! ही तुमची तपश्चर्या. तेवढा मंत्र मला द्या, नाहीतर माझं वर्ष गेलं.”

गुरुजींनी दोडका खाली ठेवला आणि घंटा वाजवली. शे-सव्वाशे शिष्य अंगणात गोळा झाले.

“आपापले मोबाइल काढा,” गुरुजी म्हणाले.

“गुरुजी, आश्रमात मोबाइलला बंदी आहे!” ज्येष्ठ शिष्य दुखावल्या स्वरात म्हणाला.

“ठाऊक आहे. काढा.”

कुणाच्या उपरण्यातून, कुणाच्या जपाच्या गोमुखीतून भराभर मोबाइल निघाले. ज्येष्ठ शिष्याच्या कमरेला तर दोन होते.

“मी टाळी वाजवली की सगळ्यांनी एकदम आश्रमाचं संकेतस्थळ उघडायचं.”

टाळी वाजली. प्रत्येक पडद्यावर एक चक्र फिरू लागले. फिरले, दमले, थांबले. मागे उरला पांढराशुभ्र, रिकामा पडदा.

“पडलं!” नातवाने पहिले पाऊल टाकावे तसे गुरुजी हरखले. “अरे, आपलंही पडलं!”

व्यापारी पुढे सरसावला. “गुरुजी, हसताय काय?”

“बाबा, हे आजवर उभं होतं, कारण त्याच्याकडे कुणी फिरकलंच नव्हतं. माझी सगळी प्रवचनं तिथे आहेत. ऐकणारा मी एकटा, तेही झोप येत नसली तर. तुझी कंपनी गोडबोली आहे खरी, पण तिचं गणित सरळ आहे. एकच ओसरी शेकडो दुकानदारांना ‘अमर्याद’ म्हणून भाड्याने द्यायची, कारण बहुतेकांकडे कुणी येतच नाही. आता सांग, ती जागा घेताना तुझ्या मनात काय आलं होतं?”

व्यापारी ओशाळून म्हणाला, “म्हटलं... कोण येतंय एवढं.”

“म्हणजे तुझ्याकडे कुणी येणार नाही, अशी पैज कंपनीने लावली आणि तूही तिच्याच बाजूला जाऊन बसलास! हात राबले एका श्रद्धेने, खिसा उघडला दुसऱ्याच श्रद्धेने. त्या पीयूष-अन्वितावर कशाला चिडतोस? त्यांच्या लेखी करार तू मोडलास. तुझ्याकडे गिऱ्हाईक आलं!”

इतके दिवस व्यापारी ज्याला संकट म्हणून शिव्या देत होता, ती खरे तर आनंदाची बातमी होती. हे त्याच्या आत्ता ध्यानात आले. तो ओटीवर गेला आणि त्याने एका महागड्या कंपनीला फोन लावला.

“साधारण किती लोक येतील, साहेब?” पलीकडून प्रश्न आला.

सवयीने त्याचे ओठ ‘चार-दोन’ म्हणायला हलले. मग तो थांबला.

“पुष्कळ येतील,” तो म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज त्याला नवा वाटला.

त्याच दुपारी संकेतस्थळाचे बिऱ्हाड नव्या जागी हलले. पाडव्याला व्यापाऱ्याच्या स्वतःच्या दारात लावायला एकही कंदील शिल्लक नव्हता, आणि त्या अंधाऱ्या दारात तो मोठ्या समाधानाने बसला होता.