टिंबी बेडकीचा पाइप आणि सत्तर डास

एक होती बेडकी. केवढी? बोटाच्या पेराएवढी. नाव तिचं टिंबी.

टिंबी राहायची नळाखाली, स्टीलच्या पाइपाच्या तुकड्यात. आत बसून ती ओरडली की आवाज कसा घुमायचा? डराँऽऽव! ऐकणाऱ्याला वाटायचं, आत हत्तीच बसलाय.

एक दिवस आली म्हैस. तिने पाइपावर दिला पाय. कचाक! पाइपाचा झाला पापड. टिंबी तेव्हा डबक्यात अंघोळ करत होती, म्हणून वाचली.

टिंबी परत आली. ओरडून बघते तर काय? आवाज आला, "टिक!"

मुंग्या हसल्या. "कुणाचं गं घड्याळ वाजतंय?"

टिंबीला आलं रडू. पण रडली तरी आवाज तोच. टिक टिक, टिक टिक. मग रडून करायचं काय? ती निघाली नवा पाइप आणायला.

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

आली इराप्पाशेठच्या दुकानात. दुकानात पाइप, आणि पाइपांवर डासच डास. म्हणून बेडकांसाठी शेठचा भाव ठरलेला. एक वीत पाइप, सात डास. डास खायचे, पाइप न्यायचा.

टिंबीने मोठ्ठं तोंड उघडलं.

"थांब थांब!" शेठ म्हणाले. "भाव चढलाय. आता सत्तर डास."

"सत्तर? अहो शेठ, काल सात होते!"

"काल होते गं. आज पाइप उरलेत तीन, आणि गिऱ्हाइकं उभी तेरा." चट्! शेठनी गालावर डास मारला. "हा मोजायचा नाही हं. हा माझा."

टिंबीने आपल्या पोटाकडे बघितलं. सत्तर डास खाल्ले तर पोट होईल पेरूएवढं. मग पाइपात मावणार कोण?

"शेठ, शेठ, भाव उतरवा ना!"

"मी नाही उतरवत बाई! आधी ट्रकला सांग, पाइप आण."

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

ट्रक उभा होता चिंचेखाली. घोरत होता. घुर्र, घुर्र.

"ट्रकदादा, ट्रकदादा!
शेठ भाव उतरवीना,
पाइप मला मिळेना,
आवाज माझा घुमेना.
पाइप आण ना रे!"

ट्रकने एक दिवा उघडला. "पों! काय आणू, वारा? कारखान्यात पाइपच बनेनात. मी नाही आणत बाई! आधी भट्टीला सांग, लोखंड वितळव."

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

कारखान्यात भट्टी बसली होती, आ वासून. पण गार. इतकी गार, की तिच्या तोंडात कोळ्याने जाळं विणलं होतं.

"भट्टीमावशी, भट्टीमावशी!
ट्रक पाइप आणीना,
शेठ भाव उतरवीना,
पाइप मला मिळेना,
आवाज माझा घुमेना.
लोखंड वितळव ना गं!"

भट्टी म्हणाली, "हाऽऽय! उपाशीपोटी वितळवू? तीन दिवस झाले, कोळशाचा एक घास नाही. मी नाही वितळवत बाई! आधी जहाजाला सांग, कोळसा दे."

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. जमीन संपली. समुद्र आला.

जहाज उभं होतं धक्क्याला. पोटात कोळसा, हा एवढा डोंगर! डुलत होतं, डुलुक डुलुक.

"जहाजआजोबा, जहाजआजोबा!
भट्टी लोखंड वितळवीना,
ट्रक पाइप आणीना,
शेठ भाव उतरवीना,
पाइप मला मिळेना,
आवाज माझा घुमेना.
कोळसा द्या ना हो!"

जहाज म्हणालं, "भोंऽऽऽ! देऊ कसा? मला हात आहेत का? मी नाही देत बाई! आधी क्रेनवाल्या हौसाताईला सांग, क्रेन हलव."

क्रेन होती उंच. चिंचेपेक्षा उंच. डोंगरापेक्षाही उंच. टिंबी शिडी चढली. टुपुक, एक पायरी. टुपुक, दोन पायऱ्या. टुपुक, आई गं! टुपुक, पोचली.

वर बसली होती हौसाताई. दोन्ही हात दोन दांड्यांवर. खाली हवेत लटकलं होतं कोळशाचं टोपलं. हौसाताई हलेना की डुलेना. दोन्ही डोळे आपल्याच नाकाकडे.

"हौसाताई, हौसाताई!
जहाज कोळसा देईना,
भट्टी लोखंड वितळवीना,
ट्रक पाइप आणीना,
शेठ भाव उतरवीना,
पाइप मला मिळेना,
आवाज माझा घुमेना.
क्रेन हलव ना गं!"

हौसाताई ओठ न हलवता बोलली, "कशी हलवू? बघ ना माझ्या नाकावर."

टिंबीने बघितलं. नाकावर डास. एकच. पायावर पाय टाकून बसलेला.

"डास बसला, म्हणून नाक खाजतंय," हौसाताई म्हणाली. "खाजवायला दांडी सोडली, तर टोपलं पडेल जहाजआजोबांच्या डोक्यात. तीन दिवस झाले गं, अशीच बसलेय!"

"मग आधी कुणाला सांगू?"

"कुणाला सांगतेस? माझ्यापुढे कुणी नाहीच. माझ्यापुढे फक्त माझं नाक."

टिंबीने थोडा विचार केला. मग तोंड उघडलं. जीभ सोडली.

लप्प!

डास गायब.

हौसाताईने टोपलं अलगद खाली ठेवलं. मग नाक खाजवलं. खूप खूप खाजवलं. आणि मग काय!

क्रेन हलली, कर्र कर्र.
जहाजाने कोळसा दिला, धबा धबा.
भट्टीने लोखंड वितळवलं, ढण ढण.
ट्रकने पाइप आणले, खण खण, पों पों!

ट्रकच्या टपावर बसून आली टिंबी. इराप्पाशेठच्या दुकानात आता पाइपच पाइप. गिऱ्हाइकं तेरा आणि पाइप तेराशे. शेठनी हळूच पाटी पुसली. सत्तर गेले, सात आले.

"ये बाई. सात डास खा, पाइप ने."

"सहा," टिंबी म्हणाली.

"सात!"

"सहाच. एक मी बंदरावर खाऊन आले."

"तो काय माझ्या दुकानातला होता?"

"नव्हता. पण तुमचा भाव त्यानेच चढवला होता."

शेठनी डोकं खाजवलं. टोपी सरळ केली. "बरं बाई, सहा तर सहा."

लप्प लप्प लप्प. लप्प लप्प लप्प. पोट झालं टम्म. टिंबीने पाइपात डोकं घातलं. पाय घातले. पोट अडकलं! जरा डावीकडे, जरा उजवीकडे, श्वास आत, आणि सुळ्ळकन गेली! अजून एक डास खाल्ला असता ना, तर दारातच राहिली असती.

आत बसून टिंबीने गळा फुगवला.

"डराँऽऽऽव!"

शेठची टोपी उडाली. डास पळाले. ट्रकने दोन्ही दिवे उघडले. तिकडे नळाखाली मुंग्या म्हणाल्या, "अगंबाई, हत्ती आला!"

गोष्ट शिरली पाइपात, बाळ शिरलं कुशीत.