खाच कुठे पाडायची

"पण नेमकं कालच माझं तोंड का बंद पडलं, बाबा?"

हिरागीर बाबा मठामागच्या अंजिरापाशी उकिडवे बसले होते. हातात चाकू होता. त्यांनी वर पाहिलं नाही.

विचारणारा केरबा होता. चौदा वर्षं बाबांच्या पायाशी बसलेला. बाबा कधी काय बोलले ते त्याला तोंडपाठ होतं, आणि आपल्याला तोंडपाठ आहे हे तो कुणाला विसरू देत नसे. बाबा थकल्यापासून आसपासच्या वाड्यांवर बोलायला तोच जाई.

काल खालच्या वाडीत अनसूया नावाची बाई उठून उभी राहिली. तिचा तरणा मुलगा विहिरीत बुडून गेला होता.

"आता मी कशासाठी जगू?" तिने विचारलं.

केरबाने बाबांचं एक वचन सांगितलं. मग दुसरं.

"हे बाबांचं झालं," ती म्हणाली. "माझ्यासमोर तुम्ही बसलाय. तुम्हाला काय वाटतं?"

केरबाने मनात खूप शोधलं. हाती काही लागेना. उद्या येतो म्हणून तो उठला आणि खाली मान घालून परत आला.

"आज जायचंय, बाबा. तिला काय सांगू?"

"ही फांदी कुणाची?" बाबांनी विचारलं.

फांदीवर ओळीने डोळे होते. गळलेल्या पानांच्या जागी दडलेले बारीक कोंब, सगळे मिटलेले.

"माझी. झोपलेला डोळा जागा करायचा तर सालीला खाच दे, असं तुम्हीच सांगितलं होतंत. तीन आठवडे झाले. एकही फुटला नाही."

बाबांनी शेजारची फांदी ओढून त्याच्यापुढे धरली. तिच्या प्रत्येक डोळ्यातून कोवळं पान निघालं होतं, आणि पानाच्या बुडाशी मोहरीएवढं अंजीर.

"ही माझी. त्याच दिवशीची."

केरबा दोन्ही फांद्या निरखत राहिला. झाड एकच, चाकूही तोच. मग त्याला फरक दिसला. बाबांची खाच डोळ्याच्या वर होती. त्याची खाली.

"पाणी मुळाकडून येतं, बाबा. खाली खाच दिली तर ते तिथं थांबेल, डोळ्याला मिळेल, असं मला वाटलं."

"पाण्यावाचून कुठं झोपलाय तो? त्याला शेंडा झोपवतो. मी वाढतोय, तुम्ही थांबा, असं शेंडा वरून सारखं सांगत असतो. ते पोचतंय तोवर डोळा हलत नाही."

"म्हणजे शेंडा वाईट?"

"त्याच्यामुळेच तर झाड एवढं वाढलं."

"तरी तो तोडायचा?"

"कुणी तोडलाय? खाचेनं फक्त त्याचं सांगणं अडतं. बघ की वर."

केरबाने वर पाहिलं. बाबांच्या फांदीचा शेंडा जागच्या जागी होता, हिरवागार. केरबा आणखीच गोंधळला. त्याला थोडा रागही आला.

"मी त्या बाईचं विचारत होतो, बाबा."

"मग मी कुणाचं सांगतोय?"

...

"केरबा, तुझ्या वर कोण?"

"तुम्ही." हे उत्तर त्याला येत होतं. त्याने ते ताठ मानेनं दिलं.

बाबांनी चाकूवरचा पांढरा चीक धोतराला पुसला. त्याची मूठ केरबाकडे केली आणि चाकू पुढे धरला.

केरबाचा हात पुढे गेला आणि तसाच मागे आला. त्याला भीती वाटली. कशाची, ते त्याला सांगता आलं नसतं.

"बाबा... निदान एवढं सांगा, तुमचं कुठलं वचन तिला..."

बाबांचा चाकू तसाच पुढे होता.

...

"धर," ते म्हणाले. "बाई वाट बघतेय."