पारगव्हाणच्या वाकळा

पारगव्हाणच्या चर्चमध्ये रविवारी उपासनेच्या आधी तुम्ही कधी डोकावला आहात का? नसाल, तर पहिल्यांदा आत पाऊल टाकताच तुम्ही चपापाल. समोर क्रूस आहे, बाजूला वाजवायची पेटी आहे, पण बसायला काहीच नाही. बाक नाहीत, खुर्च्या नाहीत, नुसती थंडगार फरशी. आपण चुकीच्या दिवशी आलो की काय, असं वाटतं. तेवढ्यात बाहेर गलका होतो आणि गावातली मुलं आत शिरतात. कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या खांद्यावर एकेक वाकळ असते, घराघरांतल्या जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून टाचलेली. मुलं वाकळा अंथरतात, मग मोठी माणसं बसतात. उपासना संपली की वाकळा पुन्हा मुलांच्याच घरी जातात. चर्चमध्ये त्या कधी ठेवत नाहीत.

असं का, म्हणून कुणी पाहुण्यानं विचारलं, तर गावातल्या म्हाताऱ्या बायका त्याला आधी पाणी देतात आणि मग रिबकाबाईंची गोष्ट सांगतात.

फार पूर्वी, चर्चच्या भिंती मातीच्या होत्या तेव्हा, रिबकाबाई या गावात बायबलबाई म्हणून आल्या. बायबलबाईनं घरोघर जाऊन बायकांना शास्त्र समजावून सांगायचं आणि रविवारी मुलांची शाळा घ्यायची. बाई विधवा होत्या, मागेपुढे कुणी नव्हतं. ही मुलं हेच त्यांचं घर. गाणं कसं म्हणायचं, प्रार्थनेत डोळे का मिटायचे, प्रभुभोजनाच्या वेळी एकाच भाकरीचा तुकडा सगळ्यांना का वाटतात, हे त्या मुलांना मांडीला मांडी लावून शिकवत.

पण मुलं मोठी वांड होती. कुणी शेळ्यांमागे, कुणी बोरीवर. कंटाळून बाईंनी एक नियम घातला म्हणे. "सगळी आल्याशिवाय प्रार्थना सुरू व्हायची नाही. जो आला नसेल, त्याला जाऊन घेऊन यायचं." उशिरा येणाऱ्याला जरा लाज वाटावी, एवढाच त्यांचा हेतू होता. नियम लागू पडला. मुलं एकमेकांना बोरीवरून ओढून आणू लागली.

त्या वर्गात नामी नावाची एक मुलगी होती. ओढ्यापलीकडे आई लेआबरोबर राहायची. बाप वारला होता. लेआची आई दुसऱ्या गावी असे, ती जुन्याच धर्मातली. ती मरणाला टेकली तेव्हा तिनं लेकीकडे एकच मागणं केलं, "माझ्या नावानं देवीम्होरं दिवा लाव, मला आता चालवत न्हाई." लेआनं दिवा लावला. आईनं डोळे मिटले.

ख्रिस्ती बाईनं देवीपुढे दिवा लावला, ही गोष्ट पारगव्हाणला कळली. चर्चच्या मंडळीच्या पुढाऱ्याला तिथे 'वडील' म्हणतात. शलमोन वडील तेव्हा पुढारी होते, शब्दाचे कडक. त्यांनी सभा बोलावली आणि लेआनं प्रभुभोजनाला बसायचं नाही असं ठरलं. ठरलं होतं एवढंच. बाकीचं लोकांनी आपणहून वाढवलं. आधी तिच्याशी बोलणं थांबलं, मग बायकांनी तिच्या चुलीतला विस्तव मागून नेणं थांबलं, मग तिच्या दारावरून जाणं थांबलं. रिबकाबाई सभेला होत्या. त्या खाली मान घालून बसल्या होत्या.

नामीबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. पण आईच चर्चला येईना म्हटल्यावर पोर कशी येणार? पुढच्या रविवारी मुलांनी विचारलं, "बाई, नामी?"

"येईल हं," म्हणून बाईंनी डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच.

आणि मग गावात बातमी आली की लेआ घर सोडून कायमची आईच्या ओस घरी निघाली आहे.

तो रविवार पारगव्हाण कधी विसरलं नाही. पाद्रीसाहेब वर्षातून क्वचित येत, ते त्या दिवशी आले होते. मुलांची तोंडी परीक्षा घ्यायची होती, नंतर प्रभुभोजन. रिबकाबाई धुतलेलं पांढरं लुगडं नेसून, मनातल्या मनात प्रश्नोत्तरांची उजळणी करत चर्चच्या दारात आल्या आणि तिथेच थिजल्या.

आत एकही मूल नव्हतं. तेव्हा वाकळा चर्चमध्येच असत, पण कोपऱ्यातली त्यांची चवडही नव्हती. नुसती सारवलेली जमीन उघडी पडली होती.

मागून पाद्रीसाहेब आले, शलमोन वडील आले, बायका आल्या. प्रत्येक जण दारातूनच आत डोकावत होता. मग एका आईनं हाक मारली, दुसरीनं मारली, आणि कुणाच्याच हाकेला ओ येईना तेव्हा बायकांचा धीर सुटला. कुणी विहिरीकडे धावलं. कुणी म्हणालं, ओढ्याला डोह आहे. कुणी म्हणालं, रानात लांडगा फिरतोय. शलमोन वडिलांची बायको राहेल मटकन उंबऱ्यावर बसली. तिची नात हन्ना त्या मुलांत होती. अख्ख्या गावाची लेकरं रिबकाबाईंच्या भरवशावर होती.

इतक्यात ओढ्यापलीकडून गाणं ऐकू आलं.

सगळे धावले. पाण्यातून, काट्यांतून धावले. पलीकडे लेआच्या अंगणात चर्चच्या वाकळा अंथरलेल्या होत्या आणि त्यांवर गावातली झाडून सगळी मुलं मांडी घालून बसली होती. मधोमध नामी. दारात गाठोडी बांधून ठेवलेली. जायच्या आधी घर स्वच्छ असावं म्हणून लेआ ओटा सारवत असावी. ती शेणानं भरलेले हात तसेच धरून भिंतीला टेकून उभी होती, आणि तिचा चेहरा आलेल्या माणसांपेक्षाही घाबरलेला होता.

"हन्ने!" शलमोन वडील गरजले. "ऊठ आधी! कुणाच्या दारात बसलीस, कळतंय का?"

"नामीच्या," हन्ना म्हणाली.

"तिकडं पाद्रीसाहेब खोळंबलेत. समद्यांत शोभा केली आमची."

"मग त्यास्नी बी हिकडंच आणा की, आबा. समदी आल्याबिगर प्रार्थना न्हाई, आसं बाईंनी सांगितलंय. नामीला तिकडं येता येईना, म्हणून आम्ही हिकडं आलो."

"बाईंनी लबाडी केली," मागून एक चिमुरडा ओरडला. "नामी नव्हती तरी डोळे मिटले!"

एरवी कुणीतरी हसलं असतं. वडील गर्रकन रिबकाबाईंकडे वळले. "हे शिकवता काय लेकरांना? आजपासून तुमची शाळा बंद."

शाळा बंद, म्हणजे या गावात रिबकाबाईंचं कुणीच उरलं नव्हतं. पण त्याहून मोठा धक्का त्यांना आधीच बसला होता. आपण पोरांना वेळेवर आणायला सांगितलेली गोष्ट पोरांनी खरी मानली होती, आणि सांगणाऱ्या आपण मात्र ती मोडली होती.

तोवर मऊ स्वभावाचे पाद्रीसाहेबही ओढा ओलांडून पोचले होते. ते लेआला म्हणाले, "उभी का, बाई? तूही बैस."

लेआ आणखी मागे सरली. "मी कशी बसू, साहेब?" ती म्हणाली. "वाकळ बाटंल."

तिनं टोमणा मारला नव्हता. ओल्या सारवणावर पाय पडू नये म्हणून माणूस जपून मागे होतं, तशी ती खरोखर मागे झाली होती. आणि तो शब्द! तिथल्या प्रत्येकाच्या बापजाद्यांनी तो शब्द अंगावर झेलला होता. शलमोन वडिलांचे बाबा गावच्या शाळेबाहेर उन्हात बसून अक्षरं शिकले होते. त्यांचा हात लागला म्हणून शाळेचा ओटा धुतला गेला होता. त्या शब्दापासून सुटायला ही माणसं एका भाकरीच्या मंडळीत आली होती. आणि आता मंडळीतलीच एक बाई मंडळीच्या वाकळेला तो शब्द लावत होती, तोही स्वतःला मान्य असल्यासारखा.

शलमोन वडील खाली बसले. वाकळेवर नाही, तिच्या बाहेर, मातीत. "हे आपल्यात कुणी आणलं?" त्यांनी विचारलं.

रिबकाबाई पुढे झाल्या. त्यांनी लेआचा शेणानं भरलेला हात धरला. ती सोडवू पाहत होती, तरी सोडला नाही. पांढऱ्या लुगड्यावर डाग पडला. त्यांनी तिला नामीशेजारी बसवलं आणि स्वतः तिला खेटून बसल्या. मग त्यांनी मुलांना विचारलं, "सगळी आली का रे?"

हन्नानं मातीत बसलेल्या आजोबांकडे बोट दाखवलं. "आबा राह्यलं."

शलमोन वडील उठले, वहाणा काढल्या आणि वाकळेवर येऊन बसले. तेव्हा कुठे मुलांनी डोळे मिटले. त्या दिवशी पाद्रीसाहेबांनी भाकरी तिथेच मोडली, लेआच्या अंगणात, आणि परीक्षेचा विषय कुणी काढला नाही.

त्या दिवसापासून वाकळा मुलांच्या ताब्यात गेल्या. आजही पारगव्हाणला एखादं घर चर्चला यायचं थांबलं, तर कारण कुणी विचारत नाही. रविवारी मुलं एक वाकळ घेऊन त्या घराच्या अंगणात जाऊन बसतात. उपासना खोळंबते. नव्या पाद्रीसाहेबांना आधी नवल वाटतं, मग थोडा राग येतो, आणि मग तेही मुकाट्यानं वाट पाहू लागतात.

म्हाताऱ्या बायका इथे थांबतात. पण पाहुणे विचारतातच, मग लेआचं काय झालं, ती गेली की राहिली? तेव्हा त्या एवढंच सांगतात. दुसऱ्या दिवशी सकाळी शलमोन वडिलांची बायको राहेल, स्वतःच्या घरची चूल पेटलेली असताना, हातात खापर घेऊन ओढा ओलांडून गेली आणि तिनं लेआकडे तिच्या पेटलेल्या चुलीतला विस्तव मागितला.