हाबेल बोट गाठून देतो

खडकेवाडी गावात एक भोळा टाळकरी होता. नाव त्याचं हाबेल. दर रविवारी चर्चमध्ये भजनाला टाळ धरायचा. 'थांब' म्हटल्याशिवाय त्याचे टाळ थांबत नसत. एकदा पाळकसाहेब थांब म्हणायला विसरले. लोक घरी गेले, जेवले, आडवे झाले, तरी हा आपला वाजवतोय.

त्याची बायको रिबका. शाळेत बाई होती. मिशननं ठरवलं, ह्या दोघांना आफ्रिकेत धाडायचं. रिबकानं शाळा चालवायची, हाबेलानं भजनाला साथ करायची. तिथली शाळा बाईवाचून बंद पडली होती आणि पोरं वाट बघत होती. बोट महिन्यानं सुटणार. ती हुकली की पुढची एकदम वर्षानं. रिबकाला घोर होता तो एवढाच.

पहिलं काम फोटोचं. रिबका म्हणाली, "अहो, फोटोवाल्यापुढं बसलात की हलायचं नाही."

हाबेल सकाळी बसला. फोटो निघाला. धुऊन झाला, वाळला. हाबेल हलला नाही. दिवेलागणीला फोटोवाल्यानं त्याला स्टुलासकट उचलून दुकानाबाहेर ठेवला. तिथंही तो बसूनच. गावची एक बैलगाडी चालली होती, तिच्यात घालून त्याला घरी आणला. स्टुलासकट.

रिबका म्हणाली, "अहो, काम झालं की उठावं आणि घरी यावं!"

"असं होय! मग आधी सांगायचं," हाबेल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लस टोचून घ्यायची होती. डॉक्टरांनी दंडात सुई घातली. हाबेल म्हणाला, "झालं टोचून?" डॉक्टर म्हणाले, "हं, टोचलं." लगेच हाबेल उठला आणि घरी आला. दंडाला सुई लोंबतेय, मागं डॉक्टर पळतायत, डॉक्टरांच्या मागं कुत्री.

रिबकानं कपाळाला हात लावला. "अहो, दुसऱ्याची वस्तू त्याची त्याला देऊन मग निघावं!"

"देईन की. त्यात काय!"

पुढच्या आठवड्यात तो तिकिटं आणायला गेला. बोटीच्या कचेरीतल्या कारकुनानं दोन तिकिटं हातावर ठेवली. हाबेलानं ती उलटीपालटी करून बघितली. "छान आहेत," म्हणाला, आणि परत दिली.

"अहो, न्या ना! तुमचीच आहेत."

"छे छे. तुमच्या कपाटातली. घरात बोलणी बसतील मला."

मोकळ्या हातानं घरी आला. दुसऱ्या दिवशी रिबका स्वतः गेली. तिकिटं आणून तिनं आपल्या पिशवीत घातली. वर हाबेलाला बजावलं, "हातात आलेलं उराशी धरावं. कुणी कितीही मागो, सोडू नये!"

"आता बघच तू," हाबेल म्हणाला.

मग आला निरोपाचा रविवार. आमच्यात रीत अशी, की परमुलखात सेवेला निघालेल्या माणसाच्या हाती तान्ही लेकरं देतात. त्यानं आशीर्वाद मागायचा आणि लेकरू परत द्यायचं. शेजारच्या सुलोचनानं आपला चार महिन्यांचा बाळ्या हाबेलाच्या हाती दिला. हाबेलानं प्रार्थना केली. आमेन म्हणाला. आणि बाळ्याला उराशी घट्ट धरला.

"द्या भाऊजी," सुलोचना म्हणाली.

"नाही."

"अहो, भुकेला झालाय तो!"

"कितीही माग!"

बाळ्या रडतोय, सुलोचना रडतेय. पाळकसाहेब बाकांभोवती हाबेलाच्या मागं पळतायत. शेवटी चौघांनी धरला, तेव्हा कुठं लेकरू सुटलं.

रिबकाचा आवाज पार बसला होता. ती हळूच म्हणाली, "अहो, जिवंत माणूस ते! ज्याचं त्याच्या हवाली करावं, दोन शब्द गोड बोलावे आणि आपण मोकळं व्हावं."

"हे बाकी पटलं," हाबेल म्हणाला.

बोटीचा दिवस आला. दोघं मुंबईच्या धक्क्यावर वेळेच्या दोन तास आधी पोचली. हाबेलानं पेटी डोक्यावर घेतली, रिबकाचा हात धरला, शिडी चढला. पेटी नीट लावली. रिबकाला खिडकीजवळ बसवलं. मग टोपीवाल्या अधिकाऱ्याला गाठून म्हणाला, "साहेब, ही रिबका. फार गुणाची आहे. पाणी हललं की हिला मळमळतं, तेवढं लिंबू देत जा. आता ही तुमच्या हवाली."

आणि शिडी उतरला.

भोंगा झाला. शिडी ओढली. रिबका कठड्याशी धावत आली. "अहो! अहो, वर या!"

"पोचलीस की पत्र टाक!" हाबेलानं खालून रुमाल हलवला.

तिसऱ्या दिवशी तो खडकेवाडीत उतरला. पाळकसाहेब चर्चच्या दारातच होते. त्यांच्या हातातला तांब्या पडला.

"हाबेल? तू इथं? आणि रिबका?"

"बोटीवर."

"अरे, बोट..."

"अगदी वेळेवर सुटली, साहेब!" हाबेल पायरीवर टेकला आणि समाधानानं पाय चोळू लागला. "तिला पत्र लिहाल तेव्हा माझं एवढं कळवा. म्हणावं, ह्या खेपेला कुठं म्हणून चूक झाली नाही."