बाजरीतले काळे दाणे

पाखरांची भांडणंसुद्धा माणसांना कळत, त्या काळातली ही गोष्ट. बाभळीवर बसून एक साळुंकी शेजारच्या कावळ्याचं बोलणं कान देऊन ऐकत होती. "खालच्या शेतातल्या बाजरीत यंदा विष आहे. ज्या कणसांवर…" एवढं कानावर पडलं आणि बाईंना दम निघेना. घरटं न् घरटं फिरून तिनं सांगितलं, "त्या बाजरीला तोंड लावू नका हो, विषारी आहे."

बाकीची पाखरं निघून गेली. शेतात घरटं असलेली लावी मात्र हसली. "साळुंकीबाई, मी रोज तेच खाते. मला कुठे काय झालं? तुमचं आपलं काहीतरीच." आणि तिनं पिल्लांनाही तेच दाणे खाऊ दिले.

काही दिवसांनी तिचं एक पिल्लू चालताना झोकांड्या खाऊ लागलं.

"मी सांगत होते," साळुंकी म्हणाली.

तेवढ्यात कावळा आला. "अगं, बाजरी चांगलीच आहे. ज्या कणसांवर चिकट पाणी सुटलं, त्यांना बुरशी लागली. त्यांतले काळे, लांबट दाणे तेवढे विषारी. ते टाळून खा, असंच सांगत होतो मी. तू थांबलीस कुठे?"

साळुंकीची मान खाली गेली.

लावीनं पिल्लाला पंखाखाली घेतलं. ती रागावली नाही, हेच साळुंकीला जास्त लागलं. "तसली कणसं कुठल्या बाजूला आहेत, बाई?" एवढंच तिनं विचारलं.

साळुंकीला तेही सांगता येईना.