खारट आमटी

फार फार जुनी गोष्ट. पोरांनो, ऐका. आणि थोरांनो, तुम्ही तर नीट कान देऊन ऐका!

डोंगरापलीकडे एक म्हातारी वैद्यीण राहायची. सगळे तिला आजी म्हणत. नवऱ्याचा मार सोसून घर सोडलेल्या बायका तिच्याकडे यायच्या. अंगाच्या जखमांना ती लेप लावायची, मनाच्या जखमांना वेळ द्यायची. तिच्या हातच्या स्वयंपाकाला मात्र काडीची चव नव्हती, हेही खरं.

एकदा येसू तिच्या दारी आली. जेवणात मीठ कमी-जास्त झालं तरी नवरा तिच्यावर हात उचलायचा. आता पौर्णिमेला तो पंचांना घेऊन तिला न्यायला येणार होता. पंच म्हणाले होते, "येसू स्वतःच्या तोंडाने नाही म्हणाली, तरच ती इथं राहील."

पण येसूच्या तोंडून 'नाही' निघेल तर शपथ! काहीही विचारा, ती म्हणे, "तुम्ही म्हणाल तसं."

शेजारणी म्हणाल्या, "आजी, 'मी जाणार नाही' एवढं तिच्याकडून पाठ करून घ्या की!"

"वा गं शहाण्यांनो!" आजी म्हणाली. "आजवर नवऱ्याचं ऐकलं, आता माझं ऐकेल. त्यात तिचं काय?"

आजी रोज आमटी वाढायची आणि विचारायची, "कशी झालीय?"

"छान."

कधी अळणी, कधी करपलेली. तरी छानच! आजी शेजारी बसून जेवायची, आणि येसू जेवढं बोलेल तेवढं ऐकून घ्यायची.

एके दुपारी येसू घास घेऊन पटकन बोलून गेली, "आजी, खारट झालीय."

बोलली मात्र, तिने दोन्ही हात डोक्यावर धरले.

आजीने आमटी चाखली. "अगं बाई, खरंच की! थांब, पाणी घालते."

येसूने हळूच हात खाली घेतले. मग ती पोटभर रडली, आणि कधी कोणाला न सांगितलेलं सगळं तिने आजीला सांगितलं. त्या दिवसापासून तिला वाचा फुटली. कारलं नको. हे लुगडं नको, ते हवं. आजीला कोण आनंद!

पौर्णिमेला नवरा आला. गोड गोड बोलला. पंचांनी विचारलं, "येसू, जातेस?"

सगळे आजीकडे पाहू लागले. आजी आपली सुपारी कातरत बसली होती.

"मी जाणार नाही," येसू म्हणाली. आवाज कापत होता, पण शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेला.

नवरा आल्या वाटेने एकटाच परतला. येसू तिथंच सुखाने राहिली. मनात आलं की काम करायची, नाही आलं की खुशाल पाय पसरून बसायची.

तात्पर्य: दुखावलेल्या माणसाच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत, त्याचे स्वतःचे शब्द फुटेपर्यंत धीराने सोबत बसावं.