जैबुन दाईनं झगा घातला

हं, या पांघरुणात. ए, तुझे गार पाय मला लावू नकोस हं, आधीच सांगते. आता ऐका.

एक होता सुलतान, त्याचं नाव नूरशहा. तो तान्हा असतानाच त्याची आई अल्लाघरी गेली. मग राजवाड्यात आली जैबुन दाई. तिच्या कडेवर तिचा स्वतःचा तान्हा होता, इलियास. तिनं दोघांनाही आपलं दूध पाजलं. आणि त्या लोकांत रीत अशी, बरं का, की एका आईचं दूध प्यायले की ते सख्ख्या भावांसारखेच. दूधभाऊ म्हणतात त्यांना.

मग दोघं मोठे झाले. नूरशहा तख्तावर बसला आणि इलियासला त्यानं लांबच्या डोंगराळ मुलखाचा सुभेदार केलं. दरवर्षी सुलतान आपल्या अंगातला झगा काढायचा आणि सुभेदाराला पाठवायचा. सुभेदारानं वेशीबाहेर अनवाणी यायचं, झगा डोक्याला लावायचा, अंगात घालायचा. घातला, म्हणजे तो सुलतानाचा माणूस. न घालता परत धाडला, म्हणजे बंड! मग फौज निघालीच म्हणून समजा.

पहिल्या वर्षी इलियासनं झगा घातला आणि नाचला. दुसऱ्या वर्षी घातला आणि भावाच्या आठवणीनं रडला. तिसऱ्या वर्षी काय झालं? झगा घडीसुद्धा न मोडता परत आला!

दरबारात दिवाण लतीफखान उभाच होता. भारी गोडबोल्या माणूस. तो म्हणाला, "खाविंद, मी म्हणत नव्हतो? इलियासला आता स्वतःच सुलतान व्हायचंय."

नूरशहाचा चेहरा एवढासा झाला. त्याला राग आला, पण रागापेक्षा रडूच जास्त येत होतं. सुलतानांना चारचौघांत रडता येत नाही रे, म्हणून तो ओरडला, "फौज काढा!"

तेवढ्यात जैबुन दाई काठी टेकत आली. म्हातारी झाली होती आता. एक लेक दुसऱ्या लेकाला मारायला निघालेला, आणि ती कुणाच्या बाजूनं उभी राहणार?

ती म्हणाली, "बाळा, मी तुला दूध पाजलं, त्याचं कधी काही मागितलं नाही. आज मागते. ईदचा चांद दिसेपर्यंत फौज थांबव. आणि तो झगा मला दे."

दुधाची मागणी कुणी मोडू शकत नाही. नूरशहानं मान खाली घातली. "जा दाईमा," म्हणाला, "पण चांद दिसला की मी थांबणार नाही."

मग काय, दाईनं झग्याचं बोचकं उराशी धरलं आणि निघाली. वाटेत आली नदी, दुथडी भरलेली. नदी म्हणाली, "आजी, परत फिर, बुडशील." दाईजवळ ना नाव ना नावाडी. एक अंगाई होती तेवढी, दोन्ही लेकरांना गायलेली. तिनं तीच म्हटली,

"नीज माझ्या राजा, नीज रे शिपाया,
किल्ला झोपला, बुरूज लागे पेंगाया."

नदीनं ही एवढी मोठी जांभई दिली, कुशीवर वळली, आणि वाट मोकळी झाली.

मग आलं रान. रानात वाघ. "म्हातारे, तुला खाऊ?" दाई म्हणाली, "खा की मेल्या, पण आधी जरा ऐक." आणि तिनं अंगाई म्हटली. वाघोबा पंजावर डोकं ठेवून घोरायला लागले!

मग आला इलियासचा किल्ला. इलियास कोंडून घेऊन बसला होता. खाणं नाही, पिणं नाही, डोळे लाल. दाईनं त्याला जवळ घेतलं, अंगाई म्हटली. पण इलियास काही झोपला नाही. नदी झोपली, वाघ झोपला, हा जागाच! भ्यालेल्या माणसाला झोप येत नाही रे बाळांनो.

त्यानं बोचकं पाहिलं आणि किंचाळला, "अम्मा, टाक ते! दिवाणानं मला निरोप धाडलाय. झगा विषात भिजवलाय. घातला की माणूस मरतो. माझा नूर मला मारायला निघालाय गं!"

दाईनं बोचकं सोडलं. झगा काढला. आणि इलियास "नको, नको" म्हणेपर्यंत स्वतःच्या अंगात घातला, नाडी बांधली आणि म्हणाली, "फार चाललेय मी. जरा पडते."

आणि झोपली की ती! इलियास दुपारभर तिच्या उशाशी बसला. तिचा श्वास वर जातोय, खाली येतोय, एवढंच बघत राहिला. उन्हं कलली तेव्हा दाई उठली आणि म्हणाली, "भूक लागली. घरात काही आहे की नाही?"

इलियास तिच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला. तिच्या अंगातला झगा काढून त्यानं डोक्याला लावला आणि घातला. मग मायलेकांनी घोडे पिटाळले.

चांद दिसायच्या आतच ते राजधानीला पोचले. नूरशहा वेशीवर उभा होता, अनवाणी. भावाच्या अंगात झगा बघून तो धावतच सुटला. इलियासनं सगळं सांगितलं. लतीफखानाची दिवाणगिरी गेली. त्याला उंटांची लीद काढायला ठेवलं, आणि उंटांशी गोड बोलून काही उपयोग होत नाही, बरं का.

मग नूरशहानं हळूच विचारलं, "दाईमा, तू झगा घातलास. त्यात खरंच विष असतं तर?"

दाई म्हणाली, "असतं, तर माझंच दूध नासलं म्हणायचं. मग मला तरी जगून काय करायचं होतं?"

त्या वर्षापासून झगा पाठवणं बंद झालं. ईद आली की सुलतान स्वतःच भावाकडे जायचा. सगळी सुखात राहिली.

झोपलात का रे? हा एक अजून जागाच आहे. ये, माझ्याजवळ सरक. भिऊ नकोस, मी आहे ना. मिट डोळे.